अब्बासभाई, यंदा परीक्षेला कोण जाणार?

अब्बासभाई, तुम्ही गेल्याचं कळलं तेव्हा मी वर्गात मुलींना उताऱ्याचा सारांश कसा लिहायचा ते शिकवत होते. नानांचं कार्ड आलं होतं, दोन ओळींचं. माझे वडील आयुष्यभर पोस्टात, त्यामुळे कार्डावरसुद्धा जागा उधळत नाहीत. कार्ड पुस्तकात ठेवलं, मुलींना म्हटलं आज इतकंच पुरे, आणि संध्याकाळच्या गाडीने लोणावळ्याला आले.

चाची तुमच्या ओट्यावर बसली होती. मला पाहून रडली. मग पदराने नाक पुसून म्हणाली, "यंदाचं बी मॅट्रिकला नाव नोंदवून गेल्यात बग. आता मार्चात कोन जानार? मी?" आणि आम्ही दोघी हसलो. मयताच्या घरी हसणं बरं दिसत नाही, शेजारच्या बायका वळून बघायला लागल्या. पण तुमच्याबद्दल बोलायचं आणि हसायचं नाही, हे कसं जमायचं ते तुम्हीच सांगा.

तुम्हाला चाचा म्हणावं असं नाना मला बजावत असत. पण सगळं गाव अब्बासभाई म्हणायचं, म्हणून मीही तेच म्हणायची आणि तुमची कधी तक्रार नव्हती. "अब्बासभाई परीक्षेला गेले" असं बाजारात कोणी म्हटलं की उन्हाळा लागला असं आम्ही समजायचो. सोडावॉटरच्या कारखान्याला कुलूप घालून, नवी टोपी घालून तुम्ही पुण्याला निघायचात. निकालाच्या दिवशी वर्तमानपत्र वरपासून खालपर्यंत वाचून झालं की म्हणायचात, "यंदा बी आमचा नंबर छापाया इसरले," आणि पुन्हा मशीनचं चाक फिरवायला लागायचात. दाढी पिकायला लागलेल्या माणसाने मॅट्रिक होऊन करायचं काय, असं कोणी विचारलं तर तुमचं ठरलेलं उत्तर होतं, "आदी व्हऊ तर द्या." मीही एकदा विचारलं होतं. मलाही तेच सांगितलंत.

मी मॅट्रिकला पहिल्यांदा बसले आणि इंग्रजीत आपटले. घरात सुतक असल्यासारखं झालं. तिसऱ्या दिवशी नानांनी निकाल दिला, "आणखी एकदा बस. झालीस तर कॉलेज, नाही तर तळेगाव." तळेगाव म्हणजे तळेगावचं स्थळ. मुलगा स्वतः मॅट्रिक नापास होता आणि त्याच्या आईने स्वच्छ सांगितलं होतं की नापास मुलगी चालेल, पास झालेली नको, उगाच घरात वाद होतात. म्हणजे त्या घरचा प्रवेश मला एका अर्थी मिळालेलाच होता. मला मात्र कॉलेज हवं होतं. इतकं हवं होतं, की तळेगाव स्टेशनवरून गाडी जायला लागली तरी मी दुसऱ्या बाजूच्या खिडकीतून बाहेर बघायची.

शिकवणी लावायची तर ती मुलांच्या घोळक्यात, आणि ते आईला पसंत नव्हतं. आपल्या दोन्ही घरांची मागची भिंत एक. पलीकडून तुमचा आवाज आला, "नाना, पोरीला माझ्याकडं धाडा. इंग्रजीत नापास कसं व्हत्यात, ते माझ्याइतकं ह्या तालुक्यात कुनाला ठावं न्हाई. तेवढं टाळलं की पास!"

नाना बराच वेळ विचार करत बसले. त्यांना त्यात चूक सापडेना. दुसऱ्या दिवसापासून मी दुपारची तुमच्या ओट्यावर.

तुमचा पहिला धडा वाचनाचा होता. तुम्ही म्हणालात, "तुला शब्द येत्यात. मला बी येत्यात. शब्द येत्यात म्हनूनच आपन मरतो." मला वाटलं, गेलं हे वर्ष. पण मग तुम्ही आतून सोड्याची बाटली आणली, चाचीला समोर तांदूळ निवडायला बसवलं आणि नियम सांगितला. मी उतारा मनात वाचायचा. वाचून झाला की तुम्ही लाकडी ठोकणीने बाटलीतली गोटी आत दाबणार आणि सोडा पेल्यात ओतणार. पेल्यातला फेस बसायच्या आत मी उतारा चाचीला मराठीत सांगायचा. चाचीला समजलं तर सोडा माझा. नाही समजलं तर तुमचा.

पहिले काही दिवस सगळा सोडा तुम्हीच प्यायलात. मी सुरुवात करायची, "या उताऱ्यात लेखकाने असं प्रतिपादन केलं आहे की..." आणि तुम्ही ओरडायचात, "फेस गेला!" एका घोटात पेला रिकामा. मग तुम्ही असा काही ढेकर द्यायचात की पलीकडून आई विचारायची, "कमल, अभ्यास चाललाय ना?"

चाची बिचारी पवन मावळातल्या खेड्यातली, शाळेचं तोंड न पाहिलेली. तिला "प्रतिपादन" चालत नसे. ती विचारायची, "मानूस कोन हाय त्यो? काय झालं त्याला?" एकदा दीपगृहाच्या रखवालदाराचा उतारा होता. चांगला लांबलचक, समुद्राच्या वर्णनातच निम्मा संपलेला. मी लाटांपासून सुरुवात केली तर चाची म्हणाली, "पानी ऱ्हाऊ दे. मानूस कुटं हाय?" मी म्हटलं, खडकावर. एकटाच. रोज दिवा लावतो. "का लावतो?" जहाजं आपटू नयेत म्हणून. "आनि त्याला कोन बगतंय?" कोणी नाही, चाची. कोणी बघत नाही तरी लावतो. चाचीने तांदळाचं सूप खाली ठेवलं आणि म्हणाली, "म्हंजी बरा मानूस हाय. पन बायकू कुटं गेली त्याची?"

बायकोचं उताऱ्यात काही नव्हतं. तुम्ही म्हणालात, पेपरात नसलेल्याचं उत्तर द्यायचं नाही. चाची म्हणाली, मग पेपरच अर्धवट आहे. तुम्ही दोघं त्यावरून जे भांडलात, त्यात फेस कधी बसला कोणाच्या लक्षातच आलं नाही. सोडा मी पिऊन टाकला.

त्या दिवसापासून मला वाचता यायला लागलं, अब्बासभाई. आज मी ज्या मुलींना शिकवते त्यांना सोडा देत नाही, संस्थेला चालणार नाही. पण माणूस कोण, त्याला काय झालं आणि मग त्याचं काय, हे तीन प्रश्न फळ्यावर लिहून ठेवते. ते चाचीचे आहेत हे मुलींना ठाऊक नाही. एक शंका मात्र मनात आहेच. आल्याच्या सोड्याच्या दिवशी चाचीला कधीच काही समजत नसे आणि रासबेरीच्या दिवशी लगेच समजत असे. आल्याचा सोडा मला आवडत नाही हे तिला माहीत होतं. तुम्हाला कळलं होतं का हे? कळलं असेलच. तुम्ही मुकाट्याने आल्याचा सोडा पीत राहिलात.

वाचनात तुम्ही असे गुरू, आणि लिहिण्यात मात्र, माफ करा, तुमच्यासारखा ठोंब्या मी पाहिला नाही. निबंधाच्या बाबतीत तुम्ही एक शब्द ऐकून घेत नव्हता. गाईडात "थंड हवेच्या ठिकाणाला भेट" नावाचा निबंध होता. शहराच्या उष्म्याला कंटाळून आम्ही निघालो, आगगाडी घाट चढू लागली, पर्वतांनी आमचं स्वागत केलं, परत निघताना डोळे पाणावले. जवळजवळ दर वर्षी तो विषय यायचाच, म्हणून आमच्या अख्ख्या शाळेने तो पाठ केला होता. भुशीची पोरं, कुरवंड्याहून डोंगर तुडवत अनवाणी येणारी पोरं, सगळी शहराच्या उष्म्याला कंटाळलेली! मीही पहिल्या वेळी तोच लिहून आले होते. लोणावळ्याला जन्मले, लोणावळ्यात वाढले, आणि पेपरात लिहिलं की लोणावळा पाहून माझे डोळे दिपले.

मी म्हटलं, "अब्बासभाई, हे खोटं आहे. आपण इथेच राहतो."

तुम्ही म्हणालात, "मग काय झालं? परीक्षकाला पावना लागतो. हितला मानूस काय सांगनार त्याला? कपडे वाळत न्हाईत म्हनून?"

"तेच सांगावं."

"कमळे, मी इतकी वर्सं हाच निबंद लिवतोय."

"आणि इतकी वर्षं नापास होताय!"

चाची आत खोकल्यासारखं करून हसली. तुम्ही गाईड उचलून आत निघून गेलात. दुसऱ्या दिवशी रासबेरीचा सोडा होता, पण निबंध तोच ठेवायचा हे तुम्ही माझ्याकडून कबूल करून घेतलंत. मला पास व्हायचं होतं, भांडण जिंकायचं नव्हतं. मी तो पुन्हा पाठ केला.

मग मार्च आला आणि आपण पुण्याला निघालो, नाना, मी आणि तुम्ही. परीक्षेच्या दारावरचा शिपाई तुम्हाला ओळखत होता. "आलात का? तब्येत बरी?" म्हणाला. तुम्ही आत शिरलात तेव्हा तुमची दाढी आणि नवी टोपी पाहून सगळी पोरं परीक्षक आले म्हणून उभी राहिली. दुसरा कोणी असता तर लाजला असता. तुम्ही हात हलवून "बसा, बसा" म्हणालात, एकाला नीट बसायला सांगितलंत, आणि मग जाऊन आपल्या बाकावर बसलात. मी मुलींच्या रांगेतून हे बघत होते आणि पेपरची भीती विसरून तोंडावर हात धरून हसत होते.

पेपर हातात आला. उतारा वाचला तर वाटलं चाची समोरच बसली आहे. सारांश झाला. निबंधाचे विषय पाहिले आणि पहिलाच आपला, थंड हवेच्या ठिकाणाला भेट. हॉलभर एकदम टाक चालू लागले. मीही पहिलं वाक्य लिहिलं, शहराच्या उष्म्याला कंटाळून. आणि कानाशी चाचीचा आवाज, "कुटल्या शहराच्या? मानूस कोन हाय त्यो?"

पुढचं वाक्य लिहवेना. ते पाठ होतं, टाकात होतं, पण लिहवेना. तळेगावच्या घरात सकाळी उठून चूल पेटवणारी मी मला दिसत होते. तरीही मी ते वाक्य खोडलं आणि लिहिलं, मी या ठिकाणाला भेट देत नाही, लोक आम्हाला भेट द्यायला येतात. मग सुटलेच. मुंबईची बाई गाडीतून उतरते, डोळे मिटून खोल श्वास घेते, "काय हवा!" म्हणते आणि इंजिनाचा धूर घशात जाऊन खोकत बसते. बंगले उघडतात तसे माळी अचानक वाकून चालायला लागतात. पावसाळ्यात सगळे निघून गेले की आम्ही मोठ्याने बोलतो. तेव्हा जोड्यांना बुरशी येते, मीठ पाझरतं आणि सोडा कोणी पीत नाही. म्हणून एक सोडावाला दुकानात दिव्याखाली अभ्यासाला बसतो. त्याला परीक्षा द्यायची आहे. का, ते तो सांगत नाही.

परतीच्या गाडीत नानांना डुलकी लागली तसे तुम्ही पुढे वाकलात. "निबंद कुटला? आपलाच ना?"

मी सांगितलं. तुम्ही टोपी काढून गुडघ्यावर ठेवलीत.

"मला घातलंस? पेपरात?"

"होय."

"नावानिशी?"

"नाव नाही. सोडावाला म्हटलंय."

"अभ्यास करतोय आनि पास व्हत न्हाई, हे बी?"

"ते नाही लिहिलं हो. अभ्यास करतो एवढंच."

"या अल्ला," तुम्ही कपाळाला हात लावून म्हणालात, "मी सोता शिरून पास झालो न्हाई, आनि तुज्या पेपरात शिरलो. गेलं तुजं वर्स."

दुसऱ्या दिवशी तुम्ही पोस्टात गेलात. भरल्या गर्दीत, मनिऑर्डरवाल्यांच्या रांगेच्या पुढे जाऊन नानांना म्हणालात, "नाना, पोरगी नापास झाली तर तिचा दोष न्हाई. मी मदी आलो." नानांना काही उमगेना, रांगेतल्या लोकांना तर भलतंच काही वाटलं. नानांनी घरी येऊन मला सगळं विचारून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "ठरलं ते ठरलं. मध्ये सोडावाला येवो नाही तर लाटसाहेब." आईने तळेगावच्या बाईंना निरोप पाठवला की निकालानंतर बोलू. बाईंनी उलट निरोप पाठवला की आम्हाला घाई नाही, पण साखरपुड्याची साडी घेऊन ठेवली आहे.

निकालाच्या सकाळी वर्तमानपत्राचा गठ्ठा गाडीतून उतरायच्या आधी तुम्ही फलाटावर होतात. मी घरात देवापुढे बसले होते, आणि खरं सांगायचं तर देवाशी बोलत नव्हते, साडीचा रंग काय असेल याचा विचार करत होते. तेवढ्यात रस्त्यावरून आरडाओरडा ऐकू आला. तुम्ही टोपी हातात घेऊन पळत येत होता. तुम्हाला पळताना त्याआधी कोणी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही. "हाय! हाय! छापलाय! कमळीचा छापलाय!" आईने आधी मला जवळ घेतलं, मग रडली, मग तुम्हाला विचारलं, "आणि तुमचा हो?"

तुम्ही दम खात ओसरीवर टेकलात. "बगायचाच ऱ्हायला की," म्हणालात.

मग पेपर उलगडून, बोट लावून, वरपासून खालपर्यंत बघितलंत. आम्ही सगळे बघत होतो. तुम्ही घडी घातलीत आणि म्हणालात, "इसरले." त्या दिवशी कारखान्यावर येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला तुम्ही फुकट सोडा पाजलात आणि चाची संध्याकाळपर्यंत तुमच्या नावाने ओरडत होती.

आपलं भांडण त्यानंतरही मिटलं नाही. सुट्टीला आले की मी म्हणायची, आता तरी तो पाहुण्याचा निबंध सोडा, स्वतःचं लिहा. तुम्ही मान हलवायचात. एकदाच नीट उत्तर दिलंत. म्हणालात, "तुज्या निबंदात तू मला घातलंस, म्हनून झाला. मी माज्या निबंदात कुनाला घालू? सोताला? सोताबद्दल काय लिवनार मानूस?" मला तेव्हा उत्तर सुचलं नाही. नंतर सुचलं, पण तोवर गाडीची वेळ झाली होती, आणि पुढच्या खेपेला विषय निघाला नाही, आणि त्याच्या पुढच्या खेपेला तुम्ही खोकत होता. ते उत्तर असं होतं, की मलाच घालायचं, अब्बासभाई. एका सोडावाल्याने एका मुलीला वाचायला शिकवलं, एवढं लिहिलं असतंत तरी पुरे होतं. कोणत्या परीक्षकाची हिंमत होती नापास करायची!

काल रात्रीचं जेवण चाचीने मला वाढलं. आज परत निघाले, गाडीत बसले, आणि कॉलेजात नाव घालायला आपण याच गाडीने गेलो होतो ती सकाळ आठवली. नानांना रजा मिळाली नव्हती. आई एकटी घाबरत होती, म्हणून तुम्ही बरोबर आलात. कॉलेजचा दगडी जिना चढताना तुम्ही चपला हातात घेतल्यात, आईने खूण केली तेव्हा पुन्हा घातल्यात. कचेरीत एक चष्मेवाले कारकून होते. त्यांनी माझे कागद पाहिले, आईकडे पाहिलं, मग तुमच्या दाढीकडे आणि टोपीकडे पाहिलं. माझं आडनाव पुन्हा वाचलं. आणि जरा कडक आवाजात, इंग्रजीत, तुम्हाला विचारलं, या मुलीचे तुम्ही कोण?

मी बोलणार होते. शेजारी म्हणणार होते. पण तुम्ही एक पाऊल पुढे झालात. कोटाचं वरचं बटण लावलंत. जन्मभरात तुम्ही मोठ्याने बोललेलं इंग्रजी मी तेवढंच ऐकलं.

"सर," तुम्ही म्हणालात, "आय अ‍ॅम हर क्लास-फेलो."

पलीकडच्या टेबलावरचा एक जण फिसकन हसला. तुम्ही हसला नाहीत. कारकुनांनी चष्मा काढला आणि माझ्याकडे बघून विचारलं, खरं आहे का हे?

"होय, सर," मी म्हटलं, "आम्ही बरोबर शिकलो."

त्यांनी शिपायाला हाक मारून आणखी खुर्च्या आणायला सांगितल्या, आणि आपण तिघंही बसलो. पुढे त्या कॉलेजात मला पुष्कळ वर्गबंधू मिळाले, अब्बासभाई. त्यांतल्या एकाचंही नाव आज चटकन आठवत नाही.